दारातला हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, अधिष्ठाता डॉ. बेव्हर्ली लँड्री, माझ्या हातात माइक गेल्यापासून माझ्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, प्राध्यापक लोर्ना मॅक्फी, चित्रपट, व्हिडिओ आणि छायाचित्रण विभागातले माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि चावडरची, म्हणजे माशांच्या दाट सुपाची, भांडी सांभाळत मागे उभे असलेले बंदरावरचे आपले शेजारी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

लोर्नाबाईंनी मला आधीच बजावलंय, "कौतुक केलंस तर मी उठून घरी जाईन." निरोपाच्या भाषणात कौतुक करायचं नाही, मग माणसाने बोलावं तरी काय? मी तसं विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ब्रिएलची गोष्ट सांग. पण तिला विचारून." ब्रिएल कोमो तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने हो म्हटलंय, म्हणूनच सांगतो.

ऑल्डनला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. लोर्नाबाईंचा नवरा, आपल्याकडे चित्रपट शिकवायचा, आणि व्हिडिओ शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला 'टीव्हीवाला' म्हणून हिणवायचा. संसारात त्याची एकच तक्रार होती. जगभराचे फोटो काढणारी ही बाई स्वतःचा फोटो म्हटलं की हात आडवा धरायची. इतक्या वर्षांत त्याला तिचा एकही धड फोटो मिळाला नव्हता. मागच्या शरद ऋतूत डॉक्टरांनी त्याला सांगायचं ते सांगितलं, तेव्हा बाई नमल्या. "काढ बाबा एकदाचे. पण एकच रोल हं!" त्या दुपारी त्यांच्या परसात मी लाकडं रचत होतो, म्हणून मला माहीत आहे.

"संपला का रे?"

"हनुवटी खाली घे. भांडायला उठल्यासारखी बघू नकोस."

"मी अशीच दिसते. संपला का?"

"एक राहिलाय."

"पुरे आता!" म्हणून त्यांनी हात वर केला, आणि ऑल्डनने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. नंतर लबाड कितीतरी वेळ हसत होता.

तो रोल त्याने विभागाच्या फ्रीजमध्ये ठेवला. अध्यक्षमहोदया, त्या फ्रीजमध्ये जेवणाचे डबे ठेवू नयेत अशी पाटी तुम्हीच लावली होती. वापरलेले रोल ठेवू नयेत असं मात्र कुणी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, कारण फोटो काढून झाले की फिल्म पूर्ण आत गुंडाळायची, हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो. फिल्मचं टोक, म्हणजे जीभ, बाहेर असलेला रोल कोरा, आत गेलेला वापरलेला. ऑल्डन मात्र जीभ बाहेरच ठेवायचा. अंधारात फिल्म काढायला सोपं जातं म्हणे. खूण म्हणून टोक तेवढं दुमडायचा. ही त्याची खोड फक्त लोर्नाबाईंना ठाऊक होती.

सगळी पानं गळायच्या आत ऑल्डन गेला.

रोल तिथेच राहिला. मी एकदा म्हटलं, "लोर्ना, धुवायचा का? मी थांबतो सोबत." त्या म्हणाल्या, "धुतला की संपलं रे. त्याचं अजून न पाहिलेलं काहीतरी माझ्याकडे आहे. राहू दे थोडे दिवस."

मग पहिला बर्फ पडला. पहिल्या वर्षाची ब्रिएल, उत्साहाचा नुसता झरा, बंदराकडे निघाली. जाताना तिने फ्रीजमधून एक रोल उचलला. जीभ बाहेर होती. टोक दुमडलेलं दिसलं, तेव्हा खराब झालं असेल म्हणून तिने ते कात्रीने कापलं आणि रोल कॅमेऱ्यात भरला. यात तिची चूक काय? आम्ही शिकवलं तेच तिने केलं.

एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघाले की वरच्यात जिथे उजेड असतो, तिथे खालचं सगळं जळतं. आणि ब्रिएलने टिपलं काय होतं? बर्फ. बर्फाने झाकलेल्या होड्या, बर्फाचा धक्का, बर्फाचं आभाळ. ऑल्डनची ती अख्खी दुपार त्या पांढऱ्यात गेली. उरली फक्त एका फोटोत. मासे खारवायच्या शेडचं उघडं दार, आत गडद काळोख, आणि त्या काळोखात तळवा पुढे करून वर उचललेला एक हात. चेहरा दाराच्या वर आला होता, तिथे छपरावरचा बर्फ होता, म्हणून तोही जळला.

आपल्याकडे गुरुवारी भिंतीचा तास असतो. ज्याचा फोटो भिंतीवर, त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, आणि शेवटी शिक्षकाने "आता तू बोल" म्हटल्यावरच त्याने बोलायचं. त्या दिवशी मी मागे बसलो होतो. ब्रिएलने फोटो लावला, आणि तो हात मी ओळखला.

"दार झकास आहे, पण हे भूत कुठून घुसलं?"

"हात काढून टाक ना!"

"अरे, हात आहे म्हणून तर दार आहे!"

सगळे बोलून थकले. लोर्नाबाई भिंतीजवळ गेल्या. त्या हातासमोर उभ्या राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आता तू बोल."

ब्रिएल बिचारी लगेच उठली, बोलू लागली. पण बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या हाताकडे बघत होत्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यांनी तिला काही सांगितलं नाही. "रोल कुणाचा होता?" असं ब्रिएलने विचारलं, तर म्हणाल्या, "विभागाचा." पुढे एका तासाला ब्रिएलची टकळी काही केल्या थांबेना, तेव्हा बाईंनी हात वर केला. "पुरे आता!" पोरगी त्या हाताकडे बघतच राहिली. तोच तळवा, तीच वाकडी करंगळी. तास संपल्यावर तिने मला गाठून विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि ती त्यांच्या दाराशी हुंदके देत उभी राहिली. "लोर्ना, ऑल्डनने काढलेले तुमचे सगळे फोटो मी पुसून टाकले."

"हो," बाई म्हणाल्या. खोटं त्या कशाला बोलतील? "मला फार दुखलं, ब्रिएल. अजून दुखतंय. पण दारातला काळोख तू काळोखच ठेवलास. बाकीच्यांसारखा उजळला असतास, तर हातसुद्धा गेला असता."

तो फोटो आज व्यासपीठाच्या मागे लावला आहे. ब्रिएलने स्वतः मोठा करून आणलाय. खाली दोन नावं आहेत.

समारंभ नेटका करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, वेळ देणाऱ्या अध्यक्षांचे आणि चावडर गार होत असताना शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त निघून गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे 'सत्कारमूर्तींचं मनोगत' असं छापलंय. ते होणार नाही. रीतीप्रमाणे सगळे बोलून झाले की "आता तू बोल" असं कुणीतरी म्हणायचं असतं. लोर्नाबाईंना ते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते शब्द त्यांनी त्या गुरुवारी तो हात टिपणाऱ्याला म्हटलेत, आणि त्या अजून त्याच्या उत्तराची वाट बघताहेत.