पाठीतला व्रण

नको, ती पिशवी उघडूच नका—तुमचा तो पाठीला बांधायचा पट्टा तिच्यातच राहू दे. तीन आठवड्यांत व्रण विरघळवतो म्हणे! माझ्या नवऱ्याच्या पाठीचा फोटो तरी बघितलाय का तुम्ही? नाही ना? मग कशाच्या जोरावर बोलता? नणंदेनं पत्ता दिला की कुणीही उठावं आणि यावं? व्रण म्हणजे काय शर्टावरचा डाग आहे, धुतला की गेला? ऐका—डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवलंय. मणक्यांच्या आत नसांची दोरी असते ना, तिला मार बसला, आणि जखमेभोवती व्रण धरला. तो नुसता वैरी नाही हो—त्यानंच जखम पसरू दिली नाही. पण आता तोच वाट अडवून बसलाय, नसांच्या धाग्यांना पलीकडे जाऊ देत नाही. मग जे चार धागे शाबूत राहिलेत, त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं—रोज. दोन दांड्यांच्या मध्ये त्यांना उभं करायचं, मी खाली बसून गुडघे धरायचे, दुमडले की पुन्हा पहिल्यापासून. चौदा महिने! चौदा महिन्यांनी डाव्या पायाचा अंगठा हलला—एवढासा—आणि तुम्ही मला तीन आठवडे सांगता?

मान काय डोलावताय? इमारतींना काचा बसवायचे माझे यजमान. नवव्या मजल्यावर लोंबकळून काचा बसवल्या, कधी ओरखडा नाही. आणि पडले कुठून? आमच्याच मागच्या दारी, शिडीच्या सहाव्या पायरीवरून. मी धावले. मग—मग काय करायचं होतं मी? आपलं माणूस जमिनीवर पडलंय, तुम्ही काय केलं असतंत? उचललंच असतंत ना? मी काखेत हात घालून बसतं केलं त्यांना, पाणी पाजायला. तेव्हा पाठीत कट्‌कन वाजलं. त्याआधी पाय हलत होते—बघितलेत मी, टाचा घासत होते मातीत. नंतर नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी हलवलं का यांना? मी म्हटलं, नाही. तोंड वर करून म्हटलं, नाही! सख्ख्या आईला नाही सांगितलं हे मी, आणि तुम्हाला सांगत बसलेय—कशापायी, तर त्या मेल्या पट्ट्यापायी!

अहो—तुम्ही? दारात कधी आलात? खुर्चीच्या चाकांचा आवाजसुद्धा नाही... ऐकलंत? काय? ठाऊक होतं? तुम्हालाही ऐकू आलं होतं ते, तेव्हाच? आणि गप्प राहिलात? मी रोज तुमचे गुडघे धरून बसतेय, आतल्या आत जळतेय, आणि तुम्ही वरून माझ्या डोक्याकडे बघत गप्प! दया करत होतात माझ्यावर? कुणी मागितली होती? एकदा—एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर!

आणि तुम्ही हो, बघताय काय? उचला ती पिशवी. निघा. आम्हाला भांडायचंय.