घुमटांबद्दल आईनं लिहिलं तेव्हा

सगळ्यात आधी मला खटकलं ते एवढंच, की घुमटांबद्दल आईनं लिहिलं होतं.

मी लग्न होऊन नुकतीच इंग्लंडला, श्रूजबरीत आले होते आणि आई-बाबा नागपूरहून टूरवर गेले होते, ताश्कंद ते बुखारा, ट्रेननं. तेव्हा उझबेकिस्तान सोव्हिएत रशियातच होतं ना. प्रवासातून ते मला पाठवायचे त्या पोस्टकार्डांची वाटणी ठरलेली असायची. वरचा अर्धा भाग आईचा, खाण्याचा. खालचा बाबांचा, इमारतींचा, कारण बाबा बांधकाम खात्यात इंजिनीअर. ताश्कंदच्या कार्डावर आईनं स्टेशनवरच्या गरम नानचं कौतुक केलं होतं आणि बाबांनी कमानी मोजल्या होत्या.

समरकंदचं कार्ड मात्र सगळं आईच्या अक्षरात. “घुमट निळे आहेत. छान आहेत.” खाण्याबद्दल एक शब्द नाही.

“का, आईंना घुमट आवडू नयेत?” माझा नवरा मनोज हसला. “घाबरट आहेस यार तू. टोस्टरमधून टोस्ट उडाला तरी दचकतेस.”

पण कार्ड यायला तीन आठवडे लागले होते, म्हणजे एव्हाना ते घरी पोचलेले असणार. मग फोन का नाही? दोन दिवस मी नागपूरला फोन लावत होते. नुसती रिंग जायची. मनोजचंही हसणं थांबलं.

तिसऱ्या दिवशी आईनं उचलला.

“आई, बाबांना दे ना,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “आधी मनोजरावांना फोन दे.”