कथेखाली छापलेला नंबर

…आणि वर मलाच विचारतात, "अय्या, म्हणजे तुम्ही जिवंत आहात?" आता तुम्हीच सांगा, पाहुण्यांची घावनं तव्यावर असताना माणसाला हा प्रश्न विचारतात का? बरं, विचारणारी बाई कुठली, तर नागपूरची! मी इथे दिवेआगरला, ती तिकडे, ना ओळख ना देख, आणि माझ्या जिवंतपणाची चौकशी! का? कारण कथेखाली नंबर कोणाचा? माझा!

तुम्हाला सांगतो, आमच्या नूतनने, म्हणजे माझ्या बायकोने, विज्ञानकथा लिहिली. हसू नका, खरंच लिहिली! विज्ञानकथांचं एक मासिक आहे पुण्याचं, त्यांनी ती दिवाळी अंकात छापली. आता आपल्याकडे पद्धत काय, कथा संपली की खाली लेखकाचा मोबाइल नंबर टाकायचा, म्हणजे वाचकाला राग आला तर तो गार व्हायच्या आत काढता येतो. नूतनच्या मोबाइलला स्वयंपाकघरात रेंज नाही, म्हणून तिने दिला आमच्या होमस्टेचा नंबर. तो फोन असतो माझ्या खिशात. आणि दिवाळी म्हणजे आमचा ऐन सीझन! रिंग वाजली की मला वाटतं गिऱ्हाईक. पलीकडून एक गृहस्थ म्हणतात, "अजून एका माणसाची सोय होऊ शकली नसती का हो?" मी म्हटलं, "होईल की! एक्स्ट्रा गादी टाकू!" तर म्हणे, "यानात?"

यानात!… आता मी कथा वाचली नव्हती, खोटं कशाला बोलू? पण वाचायची गरजच पडली नाही हो, वाचकांनी तुकड्यातुकड्याने फोनवर ऐकवली. समुद्र गावात शिरलाय, शेवटचं यान दुसऱ्या ग्रहावर निघालंय, यानाच्या दाराशी वजनकाटा. काट्यावर कोण? एक बाई, तिचा नवरा आणि सुपारीची रोपं. वजन होतं जास्त. काहीतरी उतरवायला हवं. आणि उतरतं काय? नवरा! रोपं गेली आकाशात, नवरा किनाऱ्यावर!

आणि लोक खूश हो! ती नागपूरची बाई म्हणते, "ताईंना सांगा, नवऱ्याला ठेवला मागे, लय भारी केलं! मी आमच्या ह्यांना दोनदा वाचून दाखवली!" अलिबागचे एक निवृत्त सर, विज्ञान शिकवायचे, त्यांना नवऱ्याचं काहीच नाही. "रोपांची माती ओली धरली की सुकी? ओली असेल तर वजन वाढतं. सुकी धरली असती तर तो मनुष्य बसत होता!" म्हणजे माझा जीव कशावर अडला, तर मातीला पाणी घातलं की नाही यावर! आणि शेजारचा तुळशीराम, तो तर फोन न करता कुंपणावरूनच ओरडला, "विनेश, वहिनींनी यान उतरवलं ते आमच्या हद्दीत! यान असो नाहीतर जेसीबी, वाडीत घालायच्या आधी जागेच्या राखणदाराला राखण द्यायला नको? निदान एक नारळ?" मी म्हटलं, अरे बाबा, कागदावरचं यान ते! तर म्हणे, "छापून आलंय ना?"

पण मला बोचत होतं ते वेगळंच. ही रोपं मला ठाऊक होती! वादळात आमची मागची बाग आडवी झाली, तेव्हापासून ती जागा मोकळी. मला तिथे दोन एसी रूम बांधायच्यात, आणि नूतनला लावायच्यात पोफळी. रोपं पिशव्यांतून वाढवून तयार ठेवलीत तिने. मी म्हटलं, "अगं, पोफळीला सुपारी धरेपर्यंत आपण म्हातारे होऊ!" ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं हो! काळूराम गवंडी यायचा दिवससुद्धा ठरला, तरी बाईसाहेब गप्प. आणि गप्प बसून काय केलं, तर मला काट्यावरून उतरवलं!

शेवटी मी अंक घेतला आणि मागच्या पायरीवर बसून वाचला. एका दमात. आणि तुम्हाला सांगतो… ती त्याला उतरवतच नाही हो! ती नुसती रोपांकडे बघते, त्याच्याकडे बघते. तोच उतरतो. आपण होऊन. म्हणतो, "तू ने ही. तिथे सावली लागेल तुला." बस्स. मला एकदम भरून आलं. असा मी? मी तर कालच तिच्या पिशव्या उन्हात सरकवल्या होत्या, काळूरामच्या विटांना जागा हवी म्हणून!

गेलो तिच्याकडे. म्हटलं, "नूतन, अगं असा मी कुठे आहे?" ती नारळ खवत होती, मान वर न करता म्हणते, "तुम्ही कुठे? विज्ञानकथा आहे ती. जे होणं शक्य नाही तेच लिहायचं असतं!"

घ्या!

दुसऱ्या दिवशी काळूराम चुन्याची पिशवी घेऊन हजर, पायाच्या रेघा मारायला वाकलासुद्धा, आणि वाजला फोन! म्हसळ्याच्या एक आजी. आवाज कापरा. "माझ्या परसातलीपण सगळी झाडं गेली हो वादळात. एक नाही राहिलं. तो काट्यावरून उतरला ना, तेव्हा डोळ्याला पदर लावला मी. मला एवढंच सांगा, असा माणूस असतो का हो खरंच?"

मी समोर बघितलं. नूतन नळी धरून रोपांना पाणी घालत होती. पाणी एकाच पिशवीत चाललंय, भरून वाहतंय, आणि तिचं लक्ष माझ्याकडे. आता त्या माउलीला नाही कसं म्हणू? तोंडातून निघून गेलं, "असतो की आजी. बोलतोय ना."

झालं! काळूराम बघतोय, नूतन बघतेय. मी म्हटलं, "काळूराम, राहू दे रेघा." तो म्हणाला, "न्हाय बांधायचं? काय झालं काय, मालक?" म्हटलं, "कथा छापून आली रे." तो म्हणाला, "मंग?" त्यालाच हाताशी घेऊन खड्डे काढले. नूतनने रोपं लावली, आणि संध्याकाळी न मागता उकडीचे मोदक! चतुर्थी नाही, काही नाही! मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा.

कुठचा सुटतोय! कारण कथेखाली नंबर कोणाचा? माझा! लगेच फोन. तोच, यानात जागा मागणारा गृहस्थ. "अहो, आमचा वीसेक वाचकांचा गट आहे. ती वाडी, ती रोपं, तो नवरा, सगळं बघायला यायचंय. तुमच्या आहेत त्या सगळ्या घेतो, पण मुक्कामाला अजून दोन रूम मिळतील का?"

मी रोपांकडे बघितलं. म्हटलं, "मिळाल्या असत्या हो साहेब… पण तुम्हीच सगळ्यांनी मिळून मला काट्यावरून उतरवलंत ना!"