एकोणीस जणांचा फोटो

नाही, नाही, त्या पोत्यावर नका बसू बहिरूभाऊ — इथं खुर्चीवर बसा. अहो बसा, मळली तर पुसता येते. कोणी नाहीये आत्ता, पप्पाजी आणि हे मंचरला वकिलांकडं गेलेत, मम्मीजी जैन स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला, मी एकटीच आहे गिरणीच्या या ऑफिसात. ही घ्या इंद्रायणीची पिशवी. डबा मी घासून ठेवलाय. चपला आहेत, कंगवा आहे, शिरूरला काढलेला तो तुमच्या दोघांचा फोटो आहे — सगळं आहे. हेच न्यायला आलात ना? — हेच? दुसरं काही विचारायचं नाहीये? — मला वाटलं... अहो, मी सकाळपासून उत्तर पाठ करून बसलेय, आणि तुम्ही प्रश्नच आणला नाहीत.

पप्पाजींनी सांगून ठेवलंय ना. 'बेटा, बहिरू येईल. त्याला सांगायचं, इंद्रायणी आपल्याकडं कामाला नव्हती, कोंडा न्यायला आली होती, गिऱ्हाईक होती.' पोलिसांच्या कागदावर पण तसंच आहे — तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही का? गिऱ्हाईक. आता तुम्हीच सांगा, चौदा महिने रोज सकाळी आपटाळ्याच्या एसटीनं एक गिऱ्हाईक वारूळवाडीला उतरायचं, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायचं, तोंडाला स्कार्फ बांधायचं, दिवसभर पेंडीची पोती शिवायचं आणि संध्याकाळी कोंडा न घेताच परत जायचं. असं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नाही. — हसू नका. नाही, तुम्ही नाही हसलात. मलाच वाटलं.

त्याचं काय आहे, मस्टरवर नावं एकोणीस. मोटारीवर चालणाऱ्या गिरणीत वीस माणसं झाली की कारखान्याचा कायदा लागतो म्हणे — मग तपासणीला साहेब येणार, पट्ट्याला जाळी आहे का बघणार, माणसांना शिकवलंय का विचारणार. एकोणीसपर्यंत तसं काही नाही. एकोणीसपर्यंत आपण कारखानाच नाही. मी बी.कॉम. झालेली, अक्षर बरं, म्हणून लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच मस्टर माझ्याकडं आलं. मी यांना विचारलं, हिचं नाव कुठाय? हे म्हणाले, 'ती विसावी आहे.' जसं काही आडनावच तिचं. म्हणाले, कोणी सोडून गेलं की तिला घेऊ. आणि इथून कोणी सोडून जात नाही हो. रोज मी एकोणीस हजेऱ्या मांडायचे आणि ती खिडकीतून वाकून बघायची — 'वैनी, माझी वळ कंची?' मी म्हणायचे, तुझी पुढच्या पानावर. तिला ते खरं वाटायचं का चेष्टा, मला कधी कळलं नाही.

हा फोटो बघा, माझ्या मोबाईलवर आहे अजून. श्रावणातला. आपली पेंड घेते ना ती डेअरी, त्यांनी कागद मागितला — कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं, फोटो पाठवा. मग काय, शेजारच्या बांधकामावरनं हेल्मेटं आणली, सगळ्यांना मशिनपुढं उभं केलं. प्रशिक्षण किती? चार मिनिटं. यांनी मोबाईलवरून वाचलं — मशिन चालू असताना हात घालू नये, सैल कपडे घालू नयेत, जाळी काढू नये. पेंडीला हेल्मेट कशाला लागतं हे कोणी विचारलं नाही. आता फोटोत एकोणीसच पाहिजेत, म्हणून तो काढायला कोण? इंद्रायणी. 'वैनी, दाबू का? आमाला न्हाई येत वं, लई भारीचा दिसतोय फोन.' ही बघा, डाव्या कोपऱ्यात — ही तिच्या बोटाची कड. तेवढीच आली ती. पण ऐकत सगळं होती हं. नंतर मला येऊन म्हणाली, 'मशिनला जाळी पायजेच वैनी, साहेब बोलले.' एकोणीस जणांतल्या एकालाही जे आठवत नव्हतं, ते हिला पाठ.

चहा ठेवू? — नको. बरं.

जाळी होती, बहिरूभाऊ. तुम्हाला कोणी सांगितलं असेल की नव्हतीच, तर ते खोटं. चार बोल्टांची, चांगली भक्कम जाळी. दसऱ्याला काढली. दरवर्षी काढतात — मशिनची पूजा असते, आणि जाळी सगळी तेलानं बरबटलेली, तिच्यावर हळदकुंकू कुठं ठरणार? म्हणून गेणभाऊ मिस्त्री ती खोलून बाजूला ठेवतात, पूजा होते, हार घालतात, दुसऱ्या दिवशी परत बसवतात. यंदा नवी सून घरात, म्हणून मोठ्या चाकावर कुंकवाचा साथिया — तुम्ही स्वस्तिक म्हणता ते — माझ्या हातानं काढून घेतला. रेघ न् रेघ सरळ आली. मम्मीजींनी चार बायकांना बोलावून दाखवला. पप्पाजी म्हणाले, लक्ष्मीचा हात आहे. सहा महिन्यांत — असू दे, ते तुम्हाला काय सांगायचं. माझ्या हातची भाजी तिखट, माझे कपडे गडद, माझं बोलणं कमी. आणि त्या दिवशी सगळे माझं काहीतरी बघायला येत होते.

दुसऱ्या दिवशी गिरणी चालू झाली. साथिया फिरायला लागला की त्याचं लाल कडं दिसायचं. इंद्रायणी आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली — 'वैनी, तुमच्या साथियाची भिंगरी झाली की वं!' आम्ही दोघी हसलो. मग म्हणाली, 'पण जाळी लावून टाका आता.' तिनं म्हटलं हे. तिनंच म्हटलं. गेणभाऊ पान्हा घेऊनच आले होते —

नाही, मम्मीजी नाही. मी आत्तापर्यंत सगळ्यांना सांगितलं की मम्मीजींनी थांबवलं. मम्मीजी तिथं नव्हत्या. मी म्हणाले, राहू द्या गेणभाऊ, जाळीनं साथिया झाकून जाईल, दिवाळीपर्यंत राहू द्या. मी म्हणाले. त्यांनी बोल्ट वाटीत घालून वाटी खिडकीत ठेवली. मालकीणबाईंनी सांगितलं, कोण काय बोलणार?

दिवाळीला चार दिवस राहिले होते. पट्ट्याखाली मका सांडला होता, ती खराटा घेऊन वाकली. तिच्या अंगात तुमचा तो निळा शर्ट, बाहीची गुंडी तुटलेली. मी इथंच बसले होते, मस्टर पुढ्यात. आवाज आला नाही हो काही. पट्टा जरासा अडखळला, इतकंच — जाड मका आला की अडखळतो तसा. मी मान वर पण केली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी जाळी लागली. त्याच वाटीतले चार बोल्ट. दहा मिनिटं पण लागली नाहीत.

असं बघू नका. बघा, बघायचं तर. मी तिची मैत्रीण होते असं नाही म्हणणार मी. ती माझी होती.

ऐका. भरपाईचा कायदा निराळा आहे, त्याला वीस-एकोणीस चालत नाही, एक माणूस असला तरी मालकाला द्यावी लागते. पुण्याला कामगारांच्या कचेरीत अर्ज करतात. पण ती इथं कामाला होती हे आधी दाखवावं लागतं, आणि तिचं नाव मी कुठंच लिहिलेलं नाही. थांबा. हे गिरणीचं लेटरहेड. हालू नका, मी लिहितेय...

वाचून दाखवते, नीट ऐकून ठेवा. 'इंद्रायणी बहिरू केंगले आमच्या गिरणीत चौदा महिने रोज कामाला होत्या. त्यांचं नाव मस्टरवर मुद्दाम घातलं नव्हतं. ज्या अपघातात त्या वारल्या, त्या वेळी त्या गिरणीचंच काम करत होत्या. पट्ट्याची जाळी काढलेली होती. ती परत बसवू नका, असं मी सांगितलं होतं. हर्षा पीयूष ओस्तवाल.' हा शिक्का. फोटो तुमच्या मोबाईलवर — साधा आहे का फोन? मग पुतण्याचा नंबर सांगा. — गेला. कोपऱ्यातलं बोट दाखवायला सांगा त्याला.

कागद पिशवीत नका ठेवू. शर्टाच्या आतल्या खिशात. तसा.

फाटकाशी गाडी वळली — पप्पाजी आले. उठा. मागनं नको, समोरूनच जा, विचारलं तर पिशवी दाखवा. नमस्कार नका करू हो मला! आणि परत माझ्याकडं येऊ नका, बहिरूभाऊ. आज लिहिलं ते लिहिलं. उद्या सगळे समोर बसवून विचारतील, तेव्हा मी काय बोलेन ते मला माहीत नाही. आजच्या आज पुण्याची गाडी धरा. जा. जा म्हणते ना.