तार काढल्यावरही

(टेलिफोन एक्स्चेंजमधली यंत्रांची खोली, दुपार. काका निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.)

काका : ...आणि गिऱ्हाइकं फोन करून मला विचारतात, तुमच्या लाइनीत पाल बसलीय का! बोलता बोलता मध्येच टक्, टक्. म्हटलं, घड्याळात गडबड. येऊन बघतो तर घड्याळाची तारच लोंबतेय.

ती : मीच काढली होती.

काका : काढायचीच होती, कुजली होती. पण नवी कोणी लावायची? माझ्या आजोबांनी?

ती : विसरले.

काका : विसरलीस! अगं, भाजीत मीठ विसरतात. ही यंत्रांची सगळी कपाटं त्या घड्याळाच्या एका ठोक्यावर चालतात.

ती : सकाळपासून चालत होती की.

काका : आठवणीवर! तार सुटली तरी शेवटचा ठोका धरून ती चालत राहतात, हे मीच शिकवलं ना तुला? मग हळूहळू चुकायला लागतात. पिवळा दिवा लागला होता, तो नाही दिसला?

ती : मी इथे नव्हते. बाथरूममध्ये होते.

काका : एवढा वेळ? हे बघ पोरी, आता वर सांगावं लागणार. साहेब म्हणतील, इतक्या लवकर कामावर घेतलीच कशाला, पाठवा परत घरी.

ती : घरी नको. काका, पाया पडते तुमच्या, घरी नको. पाळणा अजून तिथेच आहे. सासूबाई रोज त्याचं एकेक झबलं उचलून कुठेतरी लपवतात. त्यांना वाटतं, मला दिसत नाही.

काका : मग खरं काय झालं ते सांग. तुझ्या हातून असं होत नाही.

ती : नवी तार जोडायच्या आधी लाइन तपासत होते. हेडफोन कानाला होता. कुणी बाई बोलत होती, आणि मागे तिचं बाळ रडत होतं. भुकेलं रडणं, काका. लगेच कळतं ते.

काका : हं.

ती : नवी तार हातातच राहिली. तशीच पळाले.

काका : बरं, आणि ती फाईल छातीशी का धरलीयस मघापासून? बघू... अगं, शर्ट सगळा भिजलाय! पाणी सांडलं का?

ती : पाणी नाही, काका.

काका : ...अजून येतं?

ती : अगदी त्याच्या वेळेला. तो गेला, हे अंगाला कुणी सांगितलंच नाहीये.

काका : खुर्चीवर माझा स्वेटर आहे. घाल. मळका आहे, पण जाड आहे.

ती : आणि साहेब?

काका : सांगीन, म्हाताऱ्याने तार काढली आणि विसरला. मला काय घरी पाठवतात, मी निघालोच आहे. ये, तूच जोड. अशी... घट्ट पिळ. झालं. विझला बघ दिवा.

ती : लगेच ठोका धरला.

काका : धरणारच. डॉक्टरांनी काही दिलंय का तुला?

ती : गोळ्या. घेतल्या की दूध थांबेल म्हणाले.

काका : मग घेतेस ना?

ती : पर्समध्ये आहेत.

काका : पर्समध्ये ठेवून काय उपयोग, वेडे? घ्याव्या लागतात.

ती : घेईन. पण अजून त्याला भूक लागली की मला कळतं, काका.