उभं राहून बघा

चपलांच्या दुकानात मी बूट घालून बघत बसलो होतो. शेजारी एक सलूनवाले काका नव्या सँडल घालून उभे होते, आणि काकू त्यांना सोडत नव्हत्या.

"चालून बघितलं. छान आहेत. चल, निघू."

"चालता कधी तुम्ही? दिवसभर खुर्चीमागे उभे असता. उभं राहून बघा."

"इथे? खांबासारखा?"

"हो. घरी आलात की टाचा धरून बसता, आणि मग सलून विकायच्या गोष्टी मला ऐकवता."

"विकणारच आहे. टाचाच साथ देत नाहीत, तर काय करू?"

"आधी या सँडल काय म्हणतात ते बघू."

"तळव्याला मधे आधार मिळतोय खरा. पण हाताला काम नसताना नुसतं उभं राहून काय कळणार?"

"मग या दादांच्या मागे उभे राहा. चालेल ना हो?"

"चालेल की," मी म्हणालो.

"मान जरा खाली घ्या. अरेरे, हे केस कापले कुणी?"

"आमच्या कोपऱ्यावर, काका."

"घाई केली त्यानं. कानामागे हातसुद्धा लावलेला नाही. आणि हा भोवरा! इथे कात्री हळू चालवावी लागते. हलू नका."

"अहो."

"थांब गं. दादा, उद्या सकाळी माझ्याकडे या, नीट करून देतो."

"अहो, दुकानवाले दिवे मालवायला लागले. पाय दुखतायत का?"

"कुणाचे?"