आज सकाळपासून

अकोल्याच्या दवाखान्यात, एंडोस्कोपीच्या दाराबाहेर, माझ्या बाकावर दोघी जावा कुजबुजत होत्या. धाकटीचा नवरा आत होता. सासू समोर बसली होती.

"जाऊबाई, यायले तीन दिवसांपासून काळी संडास होऊन राहिली होती. मले वाटलं, लोहाच्या गोळ्यानं असंल."

"मंग डॉक्टरले 'आज सकाळपासून' काहून सांगतलं?"

"आई समोर होत्या ना. तीन दिवस काहून थांबली म्हणून मलेच बोलल्या असत्या."

डॉक्टर बाहेर आले.

"निंभोरकरांचं कोण? लिव्हरच्या आजारानं अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. औषध टोचून रक्त थांबवलंय."

"डॉक्टर, मी खोटं बोलली. तीन दिवस झाले होते."

"म्हणजे रक्त बरंच गेलंय. आणखी दोन पिशव्या लागतील. उद्यापर्यंत धोका आहे."

"आई, माफ करा."

"मलेई माहीत होतं, पोरी. कोणाले सांगू नको म्हणून त्यानं मले शपथ घातली होती."